वैयक्तिक उपासना आणि रोजचे ख्रिस्ती जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या बायबल अभ्यासगटात बरीच वर्षे बसल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) किंवा पूर्वनियोजन (कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे अशी शिकवण) यांवरचे प्रश्न लोक सर्वांसमोर विचारतात, पण रोजच्या प्रार्थनेविषयीचे प्रश्न गट उठल्यावर, दाराशी, हळू आवाजात विचारले जातात. त्यांत थोडा संकोच असतो, कारण इतरांना हे जमते आणि आपल्यालाच जमत नाही अशी प्रत्येकाची समजूत असते. असे दाराशी विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

वैयक्तिक उपासना म्हणजे नेमके काय?

देवाने स्वतःला प्रकट केले आहे, आणि त्या प्रकटीकरणाला एका माणसाने एकांतात दिलेले उत्तर म्हणजे वैयक्तिक उपासना. तिच्यात पवित्र शास्त्राचे वाचन येते, मनन येते, स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती, स्वतःसाठी विनवणी आणि इतरांसाठी मध्यस्थी येते. कधी गीत येते, तर कधी केवळ स्तब्ध बसणे येते. हे सर्व घटक रोज असलेच पाहिजेत असे नाही, पण क्रम मात्र महत्त्वाचा आहे : आधी देव बोलतो, मग माणूस. शास्त्र बाजूला ठेवून केवळ स्वतःच्या गरजा सांगत राहिले की काही महिन्यांत प्रार्थना त्याच चार वाक्यांभोवती फिरू लागते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. याउलट वाचन भरपूर, पण वाचलेल्याला उत्तर काहीच नाही, असे झाले तर तो अभ्यास होतो. चांगला अभ्यास होतो, पण उपासना राहून जाते.

दर रविवारी मंडळीच्या उपासनेला जाणे पुरेसे नाही का?

मंडळीची उपासना आणि एकांतातील उपासना या एकमेकींच्या जागी ठेवता येत नाहीत. येशू शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जात असे (लूक ४:१६), आणि तोच येशू वारंवार अरण्यात जाऊन प्रार्थना करीत असे (लूक ५:१६). त्याने एकासाठी दुसरे सोडले नाही. मंडळीत आपण इतरांच्या विश्वासावर थोडे टेकतो. आपला कंठ दाटून आला तरी गीत थांबत नाही, कारण शेजारचे गात असतात. एकांतात तो आधार नसतो, आणि म्हणूनच आपण खरोखर कुठे उभे आहोत ते तिथे कळते.

उलट दिशेनेही हा प्रश्न विचारला जातो : घरी मनापासून प्रार्थना होत असताना मंडळीत जायचे कशाला? इब्री लोकांस पत्र एकत्र मिळणे सोडू नका असे स्पष्ट सांगते (१०:२५). शिवाय प्रभूने शिकवलेली प्रार्थना ‘माझ्या पित्या’ अशी सुरू होत नाही. दार लावून एकट्याने म्हटली तरी ती ‘आमच्या पित्या’ अशीच सुरू होते, म्हणजे बंद खोलीतही मंडळी आपल्या बरोबर असतेच.

रोज उपासना केलीच पाहिजे अशी आज्ञा बायबलमध्ये आहे का?

रोज अमुक मिनिटे, अमुक अध्याय अशी आज्ञा नाही. उदाहरणे मात्र भरपूर आहेत आणि ती सगळी नियमितपणाकडे बोट दाखवतात. स्तोत्रकर्ता संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी विनवणी करतो (स्तोत्र ५५:१७). दानीएल दिवसातून तीन वेळा, यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी गुडघे टेकतो (दानीएल ६:१०). हा दानीएल निवांत माणूस नव्हता, हे वाचताना निसटून जाते : १२० प्रांताधिकाऱ्यांवर नेमलेल्या तीन अध्यक्षांपैकी तो एक होता. पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या सुमाराचा मानला जाणारा ‘डिडाखे’ हा लेख प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगतो. तेव्हा रोजची ठरावीक प्रार्थना ही नंतरच्या काळाने घातलेली भर नाही. ती ख्रिस्ती जीवनाच्या अगदी सुरुवातीपासून आहे. ज्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे मागतो, ती आठवड्यातून एकदाच म्हणावी हे मुळातच विसंगत ठरेल.

उपासना पहाटेच करावी का?

पहाटेच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितले जाणारे वचन म्हणजे मार्क १:३५. ते मागच्यापुढच्या ओळींसह वाचावे असे मला वाटते. आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, सगळे गाव दाराशी लोटलेले होते. येशूने पुष्कळ आजाऱ्यांना बरे केले होते. इतक्या थकव्यानंतर तो अंधार असतानाच उठून एकांतात जातो. मग शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि सर्व लोक तुम्हांला शोधत आहेत असे सांगतात. त्या मागणीला होकार देऊन परत जाण्याऐवजी येशू म्हणतो, आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ. लोकांच्या अपेक्षांनी त्याचा दिवस ठरवण्याआधी त्याने तो पित्यासमोर ठेवला होता. या प्रसंगात घड्याळापेक्षा हा भाग मोठा आहे.

सकाळची वेळ चांगली, कारण तेव्हा दिवसाने अजून आपल्यावर हक्क सांगितलेला नसतो. पण रात्रपाळी करणाऱ्याची, तान्हे मूल असलेल्या आईची किंवा सकाळी औषधांच्या गुंगीत असलेल्या माणसाची पहाट वेगळी असते. येशूने बारा प्रेषित निवडण्याआधी सारी रात्र प्रार्थनेत घालवली (लूक ६:१२). दिवसातला जो वेळ तुम्ही सहसा जागे, एकटे आणि बऱ्यापैकी शुद्धीत असता, तो देवाला द्यावा. उरलासुरला वेळ देऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे.

किती वेळ द्यावा?

सुरुवातीला पंधरा मिनिटे. उत्साहाच्या भरात एक तास ठरवणारे बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात थांबतात आणि थांबल्याची लाज वाटून पुढे वर्षभर सुरूच करत नाहीत.

एका दिवसाची उपासना प्रत्यक्षात कशी असते? कोणी नीट दाखवले तर जमेल.

ही विनंती अगदी योग्य आहे. शिष्यांनीही ‘प्रभू, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ असे म्हटले, आणि त्यांना प्रार्थनेवरचे व्याख्यान मिळाले नाही, म्हणायचे शब्द मिळाले (लूक ११:१-४).

समजा, आज स्तोत्र २३ वाचायचे आहे. प्रथम जागेवर बसून क्षणभर काही न करता थांबावे आणि एका वाक्यात देवाला सांगावे की मी आलो आहे. मग स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचावे. पाठ असले तरी ओळींवर बोट ठेवून वाचावे, कारण पाठ असलेल्या गोष्टी आपण पाहतच नाही. दुसऱ्यांदा वाचताना एखाद्या ठिकाणी अडखळायला होते का ते पाहावे. मी अनेक वर्षे हे स्तोत्र म्हणत असूनही एका सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की आरंभीच्या तीन वचनांत दाऊद देवाविषयी बोलतो : तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि नेमके तिथे ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो : तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, त्याच्याशीच अंधारात बोलणे सुरू झाले. एवढे दिसल्यावर त्या दिवशी पुढे वाचायची गरज नव्हती. ज्या दरीतून मी स्वतः जात होते तिचे नाव घेऊन मी तेच शब्द देवाला म्हटले, आणि प्रार्थना तिथून पुढे गेली.

असे काही सापडले की त्यातूनच स्तुती, कबुली किंवा विनवणी निघते. मग आपल्या माणसांची नावे घ्यावीत. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ असे म्हणण्यापेक्षा आज ज्याची तपासणी आहे, जिची परीक्षा आहे, ज्याच्याशी काल वाद झाला, त्यांना एकेक करून देवासमोर आणावे. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून उठावे. सारे मिळून वीस मिनिटे होतात. काही दिवशी काहीच सापडत नाही. तरी स्तोत्र वाचले, नावे घेतली, प्रभूची प्रार्थना म्हटली, तर त्या दिवसाची उपासना झाली.

वाचायला सुरुवात कुठून करावी? संपूर्ण बायबल वर्षात वाचणे आवश्यक आहे का?

नवख्याने मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करावी; १६ अध्याय आहेत, दोन आठवड्यांत आरामात होतात. त्यासोबत रोज एक स्तोत्र घ्यावे. नवा करार २६० अध्यायांचा आहे, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज एकच अध्याय वाचला तरी तो एका वर्षात पूर्ण होतो आणि चुकलेले भरून काढायला दर आठवड्यात दोन दिवस हाताशी राहतात. प्रॉटेस्टंट बायबलचे एकूण १,१८९ अध्याय वर्षभरात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. ते चांगलेच आहे, पण पहिल्या वर्षी लेवीय आणि गणना या पुस्तकांपाशी पुष्कळ लोकांची गाडी अडते.

स्कॉटलंडमधील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षाच्या वाचनाचे कोष्टक तयार केले, आणि ते आजही जगभर वापरले जाते. मला त्यातील विशेष वाटते ते हे की कोष्टकासोबतच त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले : वाचन निव्वळ उपचार होईल, अध्याय संपवल्याचे समाधानच धार्मिकपणा वाटू लागेल, घाईने वाचले जाईल आणि काहींना ते जोखड होईल. कोणतेही कोष्टक हाती घेताना ही चार वाक्ये त्याच्या माथ्यावर लिहून ठेवावीत.

मनन आणि नुसते वाचन यांत फरक काय?

स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करणाऱ्या माणसाचे वर्णन आहे, आणि तिथल्या मूळ हिब्रू शब्दात पुटपुटण्याचा अर्थ आहे. ओठांवर घोळवणे, पुन्हा पुन्हा म्हणणे, हे ते मनन. मन रिकामे करणे बायबलला अभिप्रेत नाही. मन एका वचनाने भरून जाणे अभिप्रेत आहे. बाराव्या शतकातील, कार्थुसियन या एकांतप्रिय संन्यासी संघाचे मठाधिपती दुसरे गीगो यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात शांत राहणे. अन्न तोंडात घेणे, चावणे, चव लागणे आणि त्या गोडीने तृप्त होणे असा दाखलाही त्यांनी दिला. घाईत आपण चावण्याचीच पायरी गाळतो.

लिहिलेल्या प्रार्थना म्हणणे चालते का? त्या मनापासूनच्या नसतात असे ऐकले आहे.

हा आक्षेप खरा असता तर स्तोत्रसंहिताच बाजूला ठेवावी लागली असती, कारण ती १५० लिहिलेल्या प्रार्थनांची आणि गीतांची वही आहे. वधस्तंभावर येशूने उच्चारलेल्या शब्दांपैकी दोन थेट स्तोत्रांतले आहेत : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र २२ मधील, आणि आत्मा पित्याच्या हाती सोपवतानाचे शब्द स्तोत्र ३१ मधील. सर्वांत तीव्र वेदनेत त्याला आधीपासून पाठ असलेले शब्द ओठांवर आले. बेनेदिक्त यांनी मठवासीयांसाठी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत १५० स्तोत्रे एका आठवड्यात म्हणायची आहेत. इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात तीच सकाळ-संध्याकाळ वाटून एका महिन्यात बसवली आहेत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेतील येशूची प्रार्थना तर एका श्वासात मावते : प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.

येशूने मना केली ती निरर्थक बडबड, पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल अशा समजुतीने केलेली (मत्तय ६:७). ती उत्स्फूर्त प्रार्थनेतही होऊ शकते. आईच्या शेवटच्या आजारात मी रात्री तिच्या उशाशी बसत असे, तेव्हा स्वतःचे म्हणून एक वाक्य मला सुचत नव्हते. प्रभूची प्रार्थना तेवढी म्हणता येत होती, आणि तीही ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे येऊन थांबत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत असे. कितव्या रात्री ते वाक्य पूर्ण म्हणता आले ते आठवत नाही, पण ते शब्द आधीपासून तोंडात नसते तर त्या रात्री माझी प्रार्थनाच झाली नसती.

प्रार्थनेला बसले की मन भरकटते. काय करावे?

मार्टिन लूथर यांनी १५३५ मध्ये आपल्या न्हाव्यासाठी, पेत्र नावाच्या माणसासाठी, प्रार्थना कशी करावी यावर एक छोटे पत्र लिहिले. त्यात ते त्याच्याच धंद्यातले उदाहरण देतात : चांगल्या न्हाव्याचे सारे लक्ष वस्तरा आणि केस यांवर असते, तो गप्पांत रमला आणि डोळे दुसरीकडे गेले तर समोरच्याचे तोंड, नाक, प्रसंगी गळाही कापेल. उपाय म्हणून ते प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचे थोडक्यात केलेले निवेदन) यांतील एकेक वाक्य घेऊन त्यावर स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला सांगतात. मनाला धरायला दोर मिळाला की ते कमी भटकते. मोठ्याने बोलणे, चालत प्रार्थना करणे, लिहून काढणे यांचाही उपयोग होतो.

जे विचार पुन्हा पुन्हा येतात त्यांना सतत शत्रू समजू नये. कर्जाचा हप्ता आठवला तर तोच देवासमोर ठेवावा; बहुधा मनावर खरे ओझे त्याचेच असते. आणि गेथशेमाने बागेत तिघे जवळचे शिष्य झोपी गेले, तेव्हा येशूने त्यांना जागे केले, विचारले, आणि आत्मा उत्सुक आहे तरी देह अशक्त आहे हेही म्हटले (मत्तय २६:४१). त्याला आपली घडण ठाऊक आहे.

कित्येक महिने काहीच वाटत नाही. हे ढोंग तर होत नाही ना?

दाराशी सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बहुधा भीती असते. म्हणून याचे उत्तर मी नेहमी सावकाश देते.

ढोंग म्हणजे नसलेली भावना दाखवणे. भावना नसताना देवासमोर जाऊन ‘आज मला काहीच वाटत नाही’ असे सांगणे ढोंगाच्या अगदी विरुद्ध आहे. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी आशेची ओळ जोडावी असे संकलन करणाऱ्यांना वाटले नाही, आणि देवाने ते तसेच आपल्या वचनात राहू दिले. तरीही ते स्तोत्र रात्रंदिवस आरोळी करणाऱ्या माणसाचे आहे. त्याला उत्तर मिळालेले नाही, आणि तो बोलायचा थांबलेलाही नाही. अशी प्रार्थना देवाला चालते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

कोरडेपणाची कारणे मात्र तपासावीत, कारण ती सगळी आत्मिक नसतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ‘ऊठ, खा’ असे दोनदा म्हटले, मधे त्याला झोपू दिले, आणि देवाशी बोलणे त्यानंतर चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर झाले (१ राजे १९). अपुरी झोप, सततची काळजी, शरीराचा आजार किंवा नैराश्य यांमुळे प्रार्थना कोरडी होते. खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकली, झोप-भूक गेली, तर डॉक्टरांकडे जावे. ते विश्वासाच्या विरुद्ध नाही. कधी कारण वेगळे असते : कोणाशी तरी बिघडलेले असते आणि ते दुरुस्त करायचे टाळलेले असते. येशू वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो (मत्तय ५:२३-२४). आणि कधी कारण सापडतच नाही. तेव्हा प्रार्थना लहान करावी, पण थांबवू नये. आपल्याला बोलता येत नाही तिथे पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो (रोमकरांस ८:२६), म्हणजे आपल्या गप्प राहण्याच्या काळातही आपल्यासाठी प्रार्थना चाललेलीच असते.

देवावर राग आला असेल तर प्रार्थना करावी का?

करावी, आणि राग सांगूनच करावी. ईयोब आणि यिर्मया यांनी तेच केले.

ठरवूनही तेच पाप पुन्हा झाले. अशा वेळी कोणत्या तोंडाने उपासनेला बसावे?

जकातदाराच्या तोंडाने. लूक १८ मधील दाखल्यात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आपला आठवड्याचा हिशेब देवाला वाचून दाखवतो. लोक ज्याला पापी समजत तो जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, दूर उभा राहून वर पाहायलाही धजत नाही आणि ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणतो. नीतिमान ठरून घरी तोच जातो. काही दिवस चांगले वागून दाखवावे आणि मग देवासमोर जावे, हा विचार नम्र वाटला तरी त्यात स्वतःच्या पुण्याईवर जवळ येण्याची इच्छा लपलेली असते. इब्री लोकांस पत्र कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने यायला सांगते ते आपल्या महायाजकाच्या जोरावर (४:१४-१६). कबुली मोघम नसावी. ‘माझ्या सर्व चुका’ असे न म्हणता ते खोटे, तो शब्द, ती वेळ सांगावी. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणे उरलेले असेल, तर उठून ती द्यावी.

काम हीच पूजा आहे असे म्हणतात. मग दिवसभर प्रामाणिकपणे काम केले तर वेगळा वेळ का काढावा?

दिवसभराचे काम उपासना होऊ शकते, हे पौल ठामपणे सांगतो : आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा (रोमकरांस १२:१), जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (कलस्सैकरांस ३:२३). सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. आधी सैनिक होते. मठात स्वयंपाकघर सांभाळले, पुढे पायताणे दुरुस्त केली, १६९१ मध्ये वारले. भांड्यांच्या खणखणाटातही देवाच्या सान्निध्यात राहता येते, हे त्यांनी जगून दाखवले. त्यांचे नाव घेऊन ठरावीक प्रार्थनेची गरज नाही असे कधी कधी सुचवले जाते. पण ते स्वयंपाकघर ज्या मठात होते तिथे रोज प्रार्थनेच्या घंटा वाजत होत्या आणि ते बंधू त्या प्रार्थनांना जात होते.

नहेम्या हा पारसी राजाचा प्यालेबरदार होता. राजाने त्याला ‘तुझी मागणी काय?’ असे विचारले, आणि नहेम्याने उत्तर देण्याआधी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). ती प्रार्थना फार तर एका श्वासाची असेल. पण पहिल्या अध्यायात तोच नहेम्या कित्येक दिवस उपास करून, रडून प्रार्थना करताना दिसतो. त्या दिवसांमुळे तो एक श्वास शक्य झाला. ‘निरंतर प्रार्थना करा’ (१ थेस्सलनीकाकरांस ५:१७) हे जमण्याचा दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. उपासना चोख, पण घरच्यांशी बोलणे कठोर आणि हाताखालच्यांची मजुरी थकलेली, असे असेल तर यशयाचा पहिला अध्याय उघडून वाचावा. हात रक्ताने भरलेले असता केलेल्या पुष्कळ प्रार्थना देव ऐकत नाही, असे तिथे लिहिले आहे.

घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे. एकांत मिळतच नाही.

‘आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे’ या वचनातील (मत्तय ६:६) मूळ ग्रीक शब्द घरातील आतल्या, सामान ठेवण्याच्या खोलीलाही वापरला जाई. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे स्वतंत्र खोली असण्याची शक्यता कमीच होती. येशूचा रोख माणसांना दिसावे म्हणून केलेल्या प्रार्थनेवर आहे. तुम्हांला या काळात एक वचन भिंतीवर चिकटवून दिवसभर तेवढेच घोळवता येईल. बाळाला दूध पाजताना, रुग्णाचे कपडे बदलताना त्याच माणसासाठी प्रार्थना करता येईल. आणि घरातील दुसऱ्या कोणी पंधरा मिनिटे ते काम अंगावर घेणे ही त्या व्यक्तीची उपासनाच आहे, हे त्यांना जरूर वाचून दाखवावे.

मोबाइलवर बायबल वाचणे योग्य आहे का?

अयोग्य काहीच नाही. प्रवासात ते वरदान आहे. माझ्यापुरते सांगायचे तर वचन उघडण्यासाठी हातात घेतलेल्या फोनवर मी तीनदा संदेश वाचत बसले, चौथ्या दिवशी छापील बायबल काढले आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. गजरासाठी वेगळे घड्याळ आणले.

गुडघे टेकणे आवश्यक आहे का? मनातल्या मनात प्रार्थना चालते का?

बायबलमध्ये लोक उभे राहून, गुडघे टेकून, पालथे पडून आणि अंथरुणावरही प्रार्थना करतात. मूल व्हावे म्हणून प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे केवळ ओठ हालत होते, आवाज येत नव्हता, आणि देवाने ते ऐकले. गुडघे दुखत नसतील तर मात्र अधूनमधून टेकावेत. शरीर नमले की मनाला कोणापुढे आलो आहोत याची आठवण राहते.

प्रार्थनेची वही ठेवावी का?

ठेवल्यास उपयोग होतो. माझ्या वहीत डाव्या पानावर विनंती आणि तारीख असते, उजवे पान उत्तरासाठी रिकामे ठेवते. पुष्कळ उजवी पाने अजून रिकामी आहेत. काहींवर मी मागितले त्याहून वेगळेच लिहावे लागले आहे. एका विनंतीसमोर नऊ वर्षांनंतरची तारीख आहे. वही नसती तर ते उत्तर आहे हे मला ओळखूही आले नसते.

मध्येच दोन महिने खंड पडला. पुन्हा कसे सुरू करावे?

आजच्या तारखेपासून सुरू करावे. राहिलेले अध्याय भरून काढू नयेत. येशूच्या दाखल्यातील, घर सोडून पैसा उधळून परत येणाऱ्या उधळ्या पुत्राने तयार केलेले भाषण बापाने पुरते होऊ दिले नाही, हे लक्षात ठेवून पहिल्या दिवशी खंड का पडला याचा फार खुलासाही देत बसू नये.

दृष्टी अधू झाल्यामुळे वाचता येत नाही. ध्वनिमुद्रित वचन ऐकणे वाचनासारखेच धरावे का?

होय, निःसंकोच. पहिल्या शतकातील बहुतेक विश्वासणाऱ्यांनी शास्त्र डोळ्यांनी नव्हे, कानांनीच घेतले. पौलाची पत्रे मंडळीत मोठ्याने वाचली जात, आणि प्रकटीकरणाच्या तिसऱ्याच वचनात वाचून दाखवणाऱ्याला जसे धन्य म्हटले आहे तसे ऐकणाऱ्यांनाही म्हटले आहे. एक अडचण येते ती अशी की मुद्रण थांबत नाही आणि मन मागे राहते. म्हणून एका वेळी दहा-बारा वचने ऐकून बंद करावे, तोच भाग पुन्हा लावावा आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्यामागोमाग स्वतः म्हणावे. घरात वाचता येणारे लहान मूल असेल तर त्याला रोज एक स्तोत्र वाचून दाखवायला सांगावे. ते अडखळत वाचील, आणि तेवढ्याच वेगाने ऐकणे तुम्हांला सोयीचे होईल.